खोडावरचे पांढरे चट्टे: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

पाऊस ओसरला की झाडांची खोडं धुऊन निघतात आणि त्यांच्यावरचे पांढरे-करडे चट्टे एकदम डोळ्यांत भरतात. या खेपेला आलेली बरीचशी पत्रं याच चट्ट्यांविषयी, म्हणजे शैवाकांविषयी आहेत. मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: आमच्या परड्यात आंब्याचं जुनं झाड आहे. खोडावर पांढरट-राखी चट्टे पडलेत आणि त्यांवर काळ्या बारीक रेघा आहेत, मोडीत काहीतरी लिहिल्यागत. यंदा वरच्या दोन फांद्याही वाळल्या. खतं-औषधांच्या दुकानात फोटो दाखवला, तर ‘बुरशी आहे, खरवडून बोर्डो पेस्ट लावा’ म्हणाले. लावू का? (कागल तालुका)

उत्तर: खरवडू नका. फोटोत दिसतंय ते ग्राफिस या गटातलं शैवाक आहे. कोल्हापूर जिल्ह्यात आंबा, फणस, जांभूळ, सुपारी, सोनचाफा अशा झाडांच्या गुळगुळीत सालीवर ते सर्रास दिसतं. खोडाला इतकं घट्ट चिकटतं की नखाने सुटत नाही. काढायचं तर सालीसकटच निघतं. अशा शैवाकांना आपण या सदरात खपलीसारखी शैवाकं म्हणू.

दुकानदाराचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. शैवाकाचं अंग मुख्यतः बुरशीचंच असतं, पण तिच्या आत सूक्ष्म शैवलं राहतात आणि ती उन्हावर अन्न तयार करतात. बुरशीचं पोट त्यावर भरतं. शैवाक हा असा जोडजीव आहे, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये मांडलं, तेव्हा त्यांना बराच विरोध झाला होता. तुमच्या झाडापुरता मुद्दा एवढाच की या बुरशीला झाडाकडून अन्न नको असतं. बांडगूळ फांदीत मुळं घुसवून झाडाचं पाणी ओढतं, ग्राफिस तसं काही करत नाही. त्याच्या काही जातींचं अंग सालीच्या वरच्या थरात थोडं शिरलेलं असतं खरं, पण तो थर मेलेल्या पेशींचा. पाणी त्याला पावसातून, धुक्यातून, दवातून मिळतं आणि क्षार पाण्याबरोबर येणाऱ्या धुळीतून.

मग फांद्या का वाळल्या? इथे कारण आणि परिणाम यांची उलटापालट नेहमी होते. झाड वठायला लागलं की पानं विरळ होतात, ऊन खोडापर्यंत पोचतं, सालीची वाढ मंदावते. अशा खोडावर शैवाकाला उजेडही मिळतो आणि वेळही, म्हणून ते पसरतं. झाडाचं दुखणं वेगळंच असतं, ते शोधावं लागेल.

वाळलेल्या फांद्यांच्या बुंध्याशी भोकं आणि भुसा दिसतो का पाहा. दिसला तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी. तो नसेल तर फांदीची खालची बाजू तपासा. आपल्याकडच्या जास्त पावसाच्या भागात आंबा, फणस यांवर गुलाबी रोग येतो. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखे रेशमी पांढरे धागे दिसतात, मग फांदीवर गुलाबी थर चढतो, साल तडकते आणि तिथून पुढची पानं एकाएकी सुकतात. घोटाळा होतो तो नंतर: हा गुलाबी थर जुना झाला की विटून पांढरट होतो आणि लोक त्याला शैवाक समजतात, किंवा शैवाकाला तो रोग. ओळखायची खूण सोपी आहे. थर ब्लेडने हलका खरवडा. शैवाक ताजं असेल तर खाली हिरवी किंवा नारिंगी झाक दिसते, कारण तिथे शैवलांचा थर असतो. रोगाच्या थराखाली तशी झाक नसते आणि साल तपकिरी, मेलेली निघते.

गुलाबी रोग निघाला तर फांदी रोगट भागाच्या खाली वीतभर, निरोगी सालीत कापा आणि कापलेली जाळून टाका. पडू दिलीत तर पुढच्या पावसात तिच्यावरूनच रोग पसरेल. बोर्डो पेस्ट लावायची ती या कापलेल्या जागी. १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात भिजवून गाळा, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळा. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या. लोखंडी घेतलंत तर मोरचुदातलं तांबं त्यावर चढेल. मिश्रणात घासलेला लोखंडी विळा मिनिटभर धरा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी त्याचा गुण राहत नाही.

ही पेस्ट शैवाकावर फासली तर शैवाक मरेल, पण झाडाला त्याने काहीच मिळणार नाही. खरवडलंत तर उलट साल दुखावेल आणि त्या जखमेतून खरी रोगट बुरशी आत शिरेल.

प्रश्न: ग्राफिस आणि त्याच्यासारखी इतर शैवाकं घरच्या घरी कशी वेगळी ओळखायची? मोबाइलमधलं ॲप दर वेळी वेगळं नाव देतं. (राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर: ॲप मुख्यतः रंग आणि एकूण ठेवण पाहतं. खपलीसारख्या शैवाकांत सगळ्यांत फसवा असतो तो रंगच. एकच चट्टा कोरडा असताना राखी, भिजला की हिरवट, सावलीत पांढरा. ॲपने ‘ग्राफिस स्क्रिप्टा’ सुचवलं तर तिथे थांबून विचार करा. लिनियसने १७५३ मध्ये वर्णन केलेली ती जात उत्तरेकडच्या समशीतोष्ण भागातली. आपल्याकडे ग्राफिसच्या पुष्कळ जाती आहेत आणि नुसत्या फोटोवरून त्या वेगळ्या करता येत नाहीत. खात्रीने ‘ग्राफिस’ म्हणता आलं तरी ती चांगली ओळख आहे.

बघायचं ते फळांकडे, म्हणजे शैवाकातली बुरशी जिथे आपले बीजाणू तयार करते त्या भागांकडे. ग्राफिसच्या काळ्या रेघा हीच त्याची फळं. त्यासाठी १० पट मोठं दाखवणारं भिंग हवं. गुजरीत सराफ वापरतात तसं लूप चालतं. ते झाडाजवळ धरून लांबून पाहू नका. भिंग डोळ्याला लावा आणि तोंड खोडाच्या अडीच सेंटिमीटरपर्यंत न्या, तरच नजर जुळते. खोड कोरडं असताना एकदा पाहा, मग पाण्याचा हलका फवारा मारून पुन्हा पाहा.

काळ्या रेघा दिसल्या तर आधी त्या कुठे आहेत ते बघा. दोन शैवाकं वाढत एकमेकांना भिडली की त्यांच्या सीमेवर एक काळी रेषा तयार होते. ती चट्ट्याच्या कडेने जाते, सपाट असते आणि सलग असते. पत्रांसोबत आलेल्या फोटोंपैकी काहींत हीच सीमा ‘अक्षरं’ म्हणून दाखवली आहे. ग्राफिसची खरी रेघ चट्ट्याच्या मध्ये, सुटी, थोडी उचललेली असते. लांबी साधारण १ ते ५ मिलिमीटर, रुंदी मिलिमीटरच्या दशांशांत. भिंगातून तिला दोन काळे ओठ आणि मधे एक चीर दिसते. काही जातींत ओठ गुळगुळीत असतात, काहींत लांबीच्या दिशेने खाचा असतात. जात ठरवताना हा फरक फार महत्त्वाचा असतो, म्हणून वहीत चित्र काढून ठेवा. रेघ साधी आहे की फाटे फुटलेली, टोकं निमुळती की गोल, तेही लिहा.

रेघांऐवजी अर्ध्या ते एक मिलिमीटरच्या गोल चकत्या असतील आणि चकतीला चट्ट्याच्याच रंगाची फिकट कड असेल, तर ते बहुधा लेकॅनोरा. कडेचा रंग चट्ट्यासारखा दिसतो, कारण कडेतही शैवलं असतात. कड नाही आणि चकतीही गोल नाही, वेडेवाकडे किंवा चांदणीसारखे सपाट डाग आहेत, तर आर्थोनियाच्या बाजूने विचार करा. नुसते काळे उंचवटे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक छिद्र असेल तर पायरेन्युला किंवा त्याच्या आसपासचं काही. त्यांची फळं बंद कुपीसारखी असतात. आणि ज्या चट्ट्याला अजून फळंच धरली नाहीत, त्याला नाव देण्याचा अट्टहास करू नका.

चट्ट्याच्या कडेला चपटे, पानासारखे पाकळे असतील आणि सुईच्या टोकाने ती कड उचलत असेल, तर ते खपलीसारखं नाही, पानासारखं शैवाक आहे. शहरात दिसणारी पायक्सिन आणि डिरिनेरिया इतकी चपटी बसतात की पहिल्या नजरेला हमखास फसवतात. नोटा तपासायची यूव्ही टॉर्च असेल तर अंधारात पायक्सिन कोकोईसवर धरा, ते लख्ख पिवळं चमकतं. टॉर्च ३६५ नॅनोमीटरची हवी. ३९५ ची स्वतःच इतका जांभळा उजेड टाकते की काही कळत नाही.

यानंतर ओरखडा. ब्लेडच्या टोकाने चट्टा एक-दोन मिलिमीटर खरवडा. ग्राफिस, आर्थोनिया, पायरेन्युला यांच्यात सहसा ट्रेंटेपोलिया गटातलं शैवल असतं, म्हणून ओरखडा पिवळट-नारिंगी निघतो. लेकॅनोराचा ओरखडा स्वच्छ पोपटी-हिरवा. हे ताज्या नमुन्यावरच करा, वर्षभर पाकिटात पडलेल्याचा नारिंगी रंग उडालेला असतो.

शेवटी रसायनं: ती लावल्यावर कोणता रंग येतो त्यावरून ओळख पटवायची. हा शोध फिनलंडचे शैवाक-अभ्यासक विल्यम नायलँडर यांचा, १८६६ मधला, आणि आजही तीच पद्धत चालते. ‘के’ म्हणजे १० टक्के कॉस्टिक पोटॅश. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात त्याच्या पांढऱ्या गोळ्या मिळतात. सुमारे ८० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम गोळ्या थोड्या थोड्या टाका, विरघळल्या की पाणी घालून १०० मिलिलिटर करा. गोळ्यांवर पाणी ओतू नका, एकदम तापून उसळतं. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच. बाटली प्लास्टिकची घ्या आणि बूच घट्ट लावा. उघडी राहिली तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून द्रावण निकामी होतं.

थेंब खोडावर टाकायचा नाही. चट्ट्याची कणभर खपली काचपट्टीवर घ्या आणि टूथपिकच्या टोकाने द्रावण लावा. पिवळा रंग आला की काही मिनिटं थांबा. तो हळूहळू रक्तासारखा लाल झाला तर नॉर्स्टिक्टिक आम्ल आहे, ग्राफिसच्या काही जातींत ते असतं. पिवळाच राहिला तर वेगळं आम्ल, काहीच झालं नाही तर तेही उत्तरच. लेकॅनोरा बहुतेक वेळा पिवळा होऊन थांबतो. चूक होते ती सालीमुळे: खपलीबरोबर सालीचा तुकडा आला तर सालीतल्या टॅनिनमुळे के तपकिरी-तांबूस होतं आणि तो लाल समजला जातो. म्हणून शेजारच्या नुसत्या सालीवरही एक थेंब लावून तुलना करा.

‘सी’ म्हणजे घरगुती ब्लीचिंगचं ताजं द्रावण. ते उजेडात लवकर मरतं. जिवंत आहे का हे तपासायला मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल घ्या. त्यात पार्मोट्रेमा टिंक्टोरम या शैवाकाचे तुकडे बहुतेक वेळा असतात. तुकड्याचा वरचा करडा पापुद्रा खरवडून आतला पांढरा भाग उघडा करा आणि त्यावर सी लावा, लगेच लाल झाला पाहिजे. दगडफुलात अनेक जाती मिसळलेल्या असतात, तेव्हा चार-पाच तुकडे घ्या. एकही लाल झाला नाही तर ब्लीच बदला. हे तुकडे परत मसाल्यात टाकू नका. आणि सी जवळपास असताना संडास धुण्याचं आम्ल बाहेर काढू नका, दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो.

‘पी’ नावाची तिसरी चाचणीही आहे. तिचं रसायन विषारी आहे, ते घरात आणूच नये.

प्रश्न: गगनबावड्याला झाडांच्या खोडांवर आणि दगडी भिंतींवर केशरी, लोकरीसारखा थर दिसला. हेही शैवाकच का? शेजारच्या झाडाच्या खोल भेगांत हळदीसारखी पूडही होती. (शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर: केशरी थर शैवाक नाही. ते ट्रेंटेपोलिया हे शैवल, सुटं वाढलेलं. ग्राफिसच्या पोटात राहणारं शैवल याच गटातलं. आहे हिरव्या शैवलांच्या जातीचं, पण आतल्या केशरी रंगद्रव्याने हिरवा रंग झाकून टाकलेला असतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पावसाळाभर धुकं असतं. तिथे त्याला बुरशीच्या आसऱ्याची गरज पडत नाही.

पिवळी पूड मात्र शैवाकच, क्रायसोथ्रिक्स. पाऊस थेट लागत नाही अशा सावलीतल्या भेगांत ते राहतं. बोटाला पूड लागते. फळं शोधत बसू नका, बहुधा मिळत नाहीत. त्याची ओळख त्या पुडीवर आणि रंगावरच होते. रंगावर विसंबून चालेल अशी खोडावरची शैवाकं थोडी, त्यातलं हे एक.

प्रश्न: आंब्याच्या खोडावरची शैवाकं दगडफूल म्हणून कोल्हापुरी मसाल्यात वापरता येतील का?

उत्तर: नाही. दगडफूल म्हणून विकली जातात ती पानासारखी शैवाकं, खोडावरून किंवा दगडावरून पानासारखी सोलून निघणारी. खपलीसारखं शैवाक खरवडलं तर निम्मी साल हातात येते. शिवाय शैवाकाला मुळं नसतात, ते अंगभर हवा-पाणी शोषतं आणि त्याबरोबर धुरातले जड धातूही साठवतं. रस्त्याकडेच्या झाडावरचं कोणतंही शैवाक खाण्यात आणू नये.

प्रश्न: आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांना घेऊन शहरातल्या हवेचा अभ्यास शैवाकांवरून करायचा आहे. कशी सुरुवात करावी? (शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर: विषय उत्तम आहे आणि खर्च जवळपास नाही. शैवाकांवरून शहरातली हवा ओळखण्याची कल्पनाही नायलँडर यांनीच १८६६ मध्ये मांडली. पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग बागेत टिकून असलेल्या जाती त्यांना शहरात इतरत्र दिसत नव्हत्या. कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू पाण्यात मिसळून आम्ल होतो आणि शैवाकातल्या शैवलाला मारतो. आज वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे वायू आणि धूळ यांचा परिणाम वेगळा होतो: काही जाती जातात आणि ते सोसणाऱ्या पायक्सिनसारख्या जाती फोफावतात. त्यामुळे ‘चट्टे जास्त म्हणजे हवा चांगली’ हे समीकरण मुलांना शिकवू नका. कोणत्या जाती आहेत आणि किती तऱ्हेच्या आहेत, हे महत्त्वाचं.

झाड एकाच जातीचं निवडा. आंबा चांगला, सगळीकडे मिळतो. पेरू, निलगिरी, अर्जुन टाळा. त्यांची साल सोलून पडते आणि तिच्याबरोबर शैवाकंही. खोड सरळ हवं, छातीच्या उंचीला घेर ६० ते १५० सेंटिमीटर. एका ठिकाणची निदान पाच-सहा झाडं घ्या.

जाड तारेची किंवा बांबूच्या कामट्यांची एक शिडी करा, १० सेंटिमीटर रुंद, ५० सेंटिमीटर लांब आणि तिला १० सेंटिमीटरचे पाच चौकोन. शिडीचं खालचं टोक जमिनीपासून १ मीटरवर येईल अशी खोडाला दोरीने बांधा. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशी चारदा. प्रत्येक प्रकारचं शैवाक पाचांपैकी किती चौकोनांत आहे ते लिहायचं. चट्टा मोठा की लहान ते मोजायचं नाही. म्हणजे एका प्रकाराला एका झाडावर जास्तीत जास्त २० गुण. सगळ्या प्रकारांचे गुण मिळवले की त्या झाडाचा आकडा मिळतो. मुलांना शास्त्रीय नावं यायची गरज नाही. ‘काळ्या रेघांचं’, ‘कडवाल्या चकत्यांचं’, ‘काळ्या ठिपक्यांचं’, ‘पाकळ्यांचं’, ‘पिवळ्या पुडीचं’ एवढे प्रकार पुरतात, फक्त सर्व गटांनी एकच व्याख्या पाळली पाहिजे. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकच झाड मोजावं आणि आकडे जुळवून पाहावेत. ते जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

आपल्या शहरात हमखास आडवी येणारी गोष्ट म्हणजे खोडांना लावलेला चुना आणि गेरू. रस्त्याकडेच्या झाडांना ही पट्टी असते, तिच्यात शैवाक सापडणार नाही आणि त्याचा हवेशी संबंध नाही. रंगवलेली झाडं सरळ वगळा, किंवा सगळ्याच ठिकाणी रंगाच्या वर ठरावीक उंचीवर मोजा. आंब्यावरची काळी काजळीही शैवाक समजू नका. तुडतुड्यांनी टाकलेल्या चिकट रसावर ती बुरशी वाढते आणि ओल्या फडक्याने पुसली जाते.

ठिकाणं निवडताना शिवाजी विद्यापीठाचा परिसर, रंकाळ्याचा काठ, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीजवळचे रस्ते आणि तुमच्या शाळेचं आवार एवढी पुरेत. रंकाळ्याकाठी आकडा मोठा आला तर लगेच हवेला श्रेय देऊ नका, तिथे दमटपणाही जास्त असतो. त्यासाठी पाण्यापासून लांबची पण वर्दळ नसलेली जागा तुलनेला हवी, ते काम विद्यापीठाचा मोकळा भाग करेल. शहरातल्या आकड्याची पन्हाळ्याच्या किंवा राधानगरीच्या आकड्याशी तुलना करू नका. पश्चिमेला सरकलं की पाऊस झपाट्याने वाढतो आणि शैवाकं पावसामुळेच बदलतात.

काळ ऑक्टोबर ते डिसेंबर. भर पावसात हिरवं शेवाळ आणि मॉस सगळ्यावर चढलेलं असतं.

प्रश्न: मी एमएस्सी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. ग्राफिसचा छेद घेतला पण बीजाणू दिसत नाहीत. जुन्या पुस्तकात ‘ग्राफिना’ आहे, नव्या यादीत ते नाव सापडत नाही. (गडहिंग्लज)

उत्तर: बीजाणू न दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे निवडलेली रेघ. चीर पूर्ण फाकलेली, झिजलेली रेघ म्हातारी असते, तिचे बीजाणू निघून गेलेले असतात. चीर घट्ट मिटलेली असेल तर ती कोवळी. ओठ नुकते विलग झालेली, फुगीर रेघ घ्या. पाण्याच्या थेंबाने दोन-तीन मिनिटं मऊ होऊ द्या आणि नव्या ब्लेडने आडवे, शक्य तितके पातळ काप काढा. एका रेघेचे आठ-दहा काप काढले तर त्यांत एखादाच चांगला निघतो, म्हणून कापांत कंजुषी नको. पाण्यात बसवून ४०० पटीला पाहा.

छेदात आधी भिंत बघा: काळा, कोळशासारखा थर फक्त वरच्या ओठांत आहे, बाजूंना आहे की तळापर्यंत गेला आहे. मग बीजाणू: रंगहीन की तपकिरी, आडवे पडदे किती, उभे पडदेही आहेत का. निदान दहा बीजाणूंची लांबी-रुंदी मोजा. नंतर काचेच्या कडेने ल्यूगॉलचं आयोडीन सोडा. रंगहीन बीजाणू निळे-जांभळे झाले तर ग्राफिस. बीजाणू पिकल्यावर तपकिरी आणि आयोडीनने तांबूस होत असतील तर फिओग्राफिस. आधी के लावलेल्या कापावर आयोडीन टाकू नका, क्षारामुळे रंग नीट येत नाही.

नावाचं असं आहे: पूर्वी या कुळातल्या प्रजाती बीजाणूच्या रंगावर आणि पडद्यांवर ठरत. आडवे पडदे असलेलं रंगहीन ते ग्राफिस, आडवे-उभे दोन्ही असलेलं रंगहीन ते ग्राफिना. २००२ मध्ये बेटिना श्टायगर यांनी फळाची भिंत आणि इतर लक्षणं धरून सगळी मांडणी बदलली. ग्राफिनाच्या पुष्कळ जाती आता ग्राफिसमध्ये आल्या, बाकीच्या इतरत्र विखुरल्या. जुन्या पुस्तकातली वर्णनं कामाची आहेत, मापंही. फक्त नाव नव्या यादीतून पडताळून घ्या.

नमुना पक्का ओळखायचा तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संग्रहाशी ताडून पाहता येईल. या कुळावर भारतात झालेलं बरंच काम तिथलं आहे.

प्रश्न: नमुने कसे गोळा करायचे आणि टिकवायचे? दाजीपूरहून आणले तर चालेल का?

उत्तर: दाजीपूर राधानगरी अभयारण्यात येतं. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथून पडलेली काटकीसुद्धा उचलू नका. अभ्यासाला त्याची गरजही नाही. वळवाच्या वाऱ्यात आपल्या शेतात, बांधावर, अंगणात भरपूर फांद्या मोडून पडतात आणि शेंड्याकडच्या काटक्यांवर खोडावर न दिसणारी शैवाकंही मिळतात.

उभ्या झाडाचा नमुना घ्यावाच लागला तर धारदार पटाशीने सालीचा फक्त वरचा, दोन-तीन मिलिमीटरचा पापुद्रा काढा. आतली ओली, फिकट साल दिसली म्हणजे खोल गेलात. काडेपेटीएवढा तुकडा पुरतो आणि चट्ट्याची कड त्यात आलीच पाहिजे. प्लास्टिक पिशवीत एक रात्रसुद्धा ठेवू नका, बुरशी चढते. कागदाच्या पाकिटात घालून सावलीत वाळवा, उन्हात किंवा इस्त्रीखाली नको. पूर्ण वाळल्यावर, आणि वाळल्यावरच, बंद पिशवीत घालून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवलं की किडे मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर नमुन्यावर दव धरतं.

पाकिटावर गाव, झाडाचं नाव, जमिनीपासून उंची, खोडाची दिशा, ऊन की सावली, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव पेन्सिलीने लिहा. झाडाचं नाव नसेल तर नमुन्याची किंमत निम्म्याने कमी होते. साल गुळगुळीत की खडबडीत, आम्लधर्मी की नाही, ती किती वेळ ओल धरते, हे सगळं झाडावर ठरतं आणि कोणतं शैवाक येणार हे त्यावर ठरतं.

प्रश्न: चट्ट्याच्या आकारावरून त्याचं वय सांगता येतं का? (पन्हाळा)

उत्तर: अंदाजच. खपलीसारखी शैवाकं बहुधा वर्षाला अर्धा ते दोन मिलिमीटर सरकतात, पण ऊन, ओल आणि झाडाची जात यांनुसार यात मोठा फरक पडतो. शिवाय खोड जाड होताना साल ताणली जाते आणि चट्टाही तिच्याबरोबर रुंदावतो. तुमच्या झाडावरचा वेग काढायचा असेल तर पारदर्शक प्लास्टिकचा कागद चट्ट्यावर धरून बारीक मार्करने कड गिरवा. त्याच कागदावर सालीतल्या दोन-तीन ठळक गाठी किंवा भेगाही टिपून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कागद बरोबर जागी बसेल आणि साल किती ताणली तेही कळेल. खिळे ठोकू नका. दर वर्षी त्याच महिन्यात, खोड कोरडं असताना गिरवा. पहिल्या वर्षीचा फरक मार्करच्या रेघेच्या जाडीएवढाच असू शकतो, तेव्हा निदान तीन वर्षं मोजल्याशिवाय आकडा काढू नका.